दिसतोय कोणाला?

दिवाळीच्या फराळाबरोबर मोटारीतल्या वायूचे पुराण कशाला, असे वाचक म्हणतील. पण नीतीचा एक जुना प्रश्न यंदा मला ग्रंथात नव्हे, मोटारीच्या बॉनेटखाली भेटला, त्याला माझा इलाज नाही.

माझ्या मेहुण्यांची गाडी १९९० सालची. तिच्या एसीत आर-१२ नावाचा वायू. त्याच्या उत्पादनावर बंदी आल्यामुळे आर-१३४ए हा नवा वायू भरायचे ठरले. नव्याचे जुन्या खनिज तेलाशी जमत नाही. म्हणून कॉम्प्रेसरमधले तेल बदलायचे, ड्रायर नवा बसवायचा, पंपाने आतली हवा व ओल ओढून घ्यायची आणि वायू पूर्वीपेक्षा थोडा कमीच भरायचा. मिस्त्रीला हे सारे तोंडपाठ होते. जुन्या वायूचे काय, असे विचारताच मात्र तो म्हणाला, "सोडून देतो की, साहेब! दिसतोय कोणाला?"

दिसत नाही, हे खरेच. १९३० साली थॉमस मिजली यांनी हा वायू छातीत ओढून त्याच्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, जळत नाही. पाहणाऱ्यांना आणखी काय हवे होते? १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की, असले वायू उंच जाऊन ओझोनचे कवच पोखरतात. १९८७ साली मॉन्ट्रिअलचा करार झाला. मिजलींना मी दोष देत नाही. त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, आणि एकदा कळले की निरागसपणाचा हक्क संपतो.

कोणी म्हणेल, नवा वायू तरी कुठे सोवळा आहे? तो ओझोनला शिवत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जबर आहे. २०१६ च्या किगाली करारात त्यालाही आवर घालायचे ठरले. मग हा आटापिटा कशासाठी? मला हा युक्तिवाद आळशाचा वाटतो. निर्मळ पाणी मिळेपर्यंत आंघोळच करायची नाही, असे कोणी म्हणते काय? आर-१२ याहून कितीतरी पटींनी जबर, आणि वर ओझोनचा वैरी.

यंत्राने जुना वायू सिलिंडरात भरून घेता येतो. वेळ जातो, चार पैसे जास्त पडतात, आणि कोणी शाबासकी देत नाही. पण मोकळा सोडलेला वायू सुमारे शंभर वर्षे वातावरणात राहतो. आज ज्या घरात पणत्या लागल्या आहेत, तिथल्या नातवंडांच्या नातवंडांना आपले नावही आठवणार नाही. वायू मात्र त्यांच्या डोक्यावर असेल. ज्याला जाब विचारायला कोणी उरणार नाही, ते देणेही देणेच असते.