लाल मणी कुठे ओवायचा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचं अंग किती तापलंय, हे कळायला फार खटाटोप लागत नाही. कर्नल एका छोट्या फाइलीतून आकडा दाखवतो : ८४०००. तो अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ८४ अंश सेल्सिअस. हे ८४ चांगले की वाईट, ते मात्र तिथे लिहिलेलं नसतं.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. कूलर बंद पडलेली खोली ४४ अंशांवर असेल, तर ८४ ची चिप तिच्यापेक्षा ४० अंशांनी गरम आहे. वातानुकूलित खोलीत, २२ अंशांत, तेच काम करताना ती साधारण ६२ दाखवील. यंत्र दोन्हीकडे धडधाकटच. पण हिवाळ्यात, खोलीत १५ अंश असताना ती ७५ दाखवू लागली, तर ८० वर रेघ मारलेला तयार प्रोग्राम गप्प बसतो. आत हीटसिंकच्या पात्यांत कोळशाची धूळ बसून वारा अडलेला असतो. चिप जळू नये म्हणून कंपनीने ठरवलेली वरची मर्यादा पाळायचीच. पण आजार ओळखायला इथे खोली आणि चिप यांतला फरक बघावा लागतो. तयार प्रोग्राम तो बघत नाही, म्हणून फरक काढणारी स्क्रिप्ट आपण लिहायची आणि इतरांच्या यंत्रांवर बसवता यावी म्हणून तिचं पॅकेज बांधायचं.

हा विचार करताना मला नेहमी गडचिरोलीचा ब्रेथ काउंटर आठवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तो बाळांचा न्यूमोनिया ओळखायला घडवला. गावातल्या दायीला पन्नास-साठपर्यंत मोजणं जमत नसे, दहापर्यंत जमे. मग दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळातली वाळू सरायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ओळ वेगळी, मोठ्यासाठी वेगळी. मोजणारी कोण, हे आधी बघितलं आणि मग साधन केलं. मला यातली बुद्धी फार मोठी वाटते.

फरक काढणारी स्क्रिप्ट तासाभरात लिहून होते. ती दुसऱ्याच्या यंत्रावर टिकवणं अवघड. तिला काय काय लागतं, कोणती फाइल तिची, काढताना काय काढायचं, हे पॅकेजला ठाऊक असतं. धोक्याची रेघ मात्र प्रोग्रामात पुरू नये, वेगळ्या सेटिंगच्या फाइलीत ठेवावी. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात ती फाइल कुणी हाताने बदललेली असली आणि नव्या आवृत्तीतही ती बदलून आली, तर पॅकेज तिच्यावर परस्पर लिहीत नाही. तुमची ठेवू की माझी, असं विचारतं. काहीच न सांगता नुसतं एंटर दाबलं, तर तुमची राहते.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट तुटते. तिथे नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर पोचेल, तीही पाणी ओसरल्यावर. तोवर तिथल्या कुणीतरी आपल्या खोलीची रेघ ठरवून ठेवलेली असेल, आणि पॅकेज आधी त्या माणसाला विचारेल.