फक्त आजचा दिवस

संध्याकाळी शाळा सुटते आणि काही वर्गांत मोठी माणसं येऊन बसतात. लहान बाकांवर, अवघडून. एकजण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो. म्हणतो, "मी मद्यपी आहे." कुणी दचकत नाही.

ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा. इथे फी नाही. दारू सोडायची इच्छा पुरे.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा होता. दारू सोडलेली, पण बार समोरच. त्यानं फोन फिरवले, आपल्यासारखाच पिणारा शोधला. डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघं तासन्‌तास बोलले. ही चळवळ तिथून उभी राहिली.

फक्त आजचा दिवस, एवढंच इथे ठरवतात. जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. शपथा तर घरी कितीदा घेऊन झालेल्या असतात! फक्त आजचा दिवस.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम सोडण्याआधी डॉक्टरांना भेटावं. झटके येऊ शकतात. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं, तर पुढच्या सभांचीही वाट सापडते.

पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा असतात. पिणारा तयार नसला, तरी त्यांनी जरूर जावं.