नऊ तास आणि बाकीचे

मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साधारण 6,600 किलोमीटर. विमानाला जाताना नऊएक तास लागतात, येताना तासभर कमी. उंचावर पश्चिमेकडून वाहणारा वारा जाताना तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. घरी येणं सोपं, असा त्याचा अर्थ काढायचा मोह होतो. वाऱ्याच्या मनात तसं काही नसतं.

तिकीट खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. उन्हाळ्यात पहाटे तीनला मुंबई सोडलेलं विमान आठच्या सुमारास फ्रँकफर्टला उतरतं. कागदावर पाचच तास. उरलेले साडेतीन घड्याळानं गिळलेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते साडेचार होतात. पुण्यातल्या आयांना हे कुणी शिकवावं लागत नाही. "तुमचं घड्याळ बदललं ना रे? मग आज तासभर उशिरा फोन करते."

पुणेकराची जर्मनी वाकडच्या पुलापाशी सुरू होते. विमान मध्यरात्रीनंतरचं, टॅक्सी संध्याकाळी. दीडशे किलोमीटरला पाच तास धरायचे, कारण खंडाळ्याच्या घाटात कंटेनर कधी आडवा होईल याचा नेम नाही. साडेसहा हजार किलोमीटरचं वेळापत्रक मिळतं, दीडशेचं नाही. 2008 साली पुण्याहून थेट फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं एक छोटं विमान सुरू झालं होतं. पुढे तेही बंद पडलं.

इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा बोटीला युरोप गाठायला दोनेक आठवडे लागत. पण अवघड टप्पा समुद्राच्या अलीकडेच होता. त्यांच्या जाण्याला सासऱ्यांचा विरोध होता, आणि सासरे म्हणजे महर्षी कर्वे; बायकांसाठी विद्यापीठ काढणारे. पैसे कर्जाऊ घेतले. उंबरा ओलांडल्यावर एडन, सुएझ वाटेत लागतातच.

बोटीचे ते दोन आठवडे विमानानं वाचवले, असं आपण म्हणतो. वाचले कुठे? ते समुद्रावरून उठून व्हिसाच्या खिडकीपाशी जाऊन बसले. शेंगेन व्हिसाच्या अर्जावर निर्णय द्यायची नेहमीची मुदत आहे 15 दिवस. त्याआधी अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, बँकेचे कागद, मुलीचं निमंत्रणपत्र, 30,000 युरोचा विमा. म्युनिकला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचे डिंकाचे लाडू एका दुपारी वळून होतात. ती स्वतः डब्यात भरून निघू शकत नाही.

प्रवास मधेच आखडला आहे. दोन्ही टोकं होती तेवढीच लांब आहेत.

हे कळतं ते रात्री-अपरात्री आलेल्या एका फोननं. श्टुटगार्टचा मुलगा मिळेल त्या विमानात बसतो. आधी फ्रँकफर्टपर्यंतची रेल्वे, मग आठेक तास, मग घाट. इकडे शेजारी विचारतात, "किती वेळ थांबायचं?" बरेचदा थांबत नाहीत. मुलगा विमानात असतो आणि फोन बंद असतो. व्हिडिओवर दर्शन घेतलेल्यांना नऊ तासांचं कौतुक सांगू नये.

फोन तिकडूनही येऊ शकतो. मुलं तिकडे असतील तर आईवडिलांचे पासपोर्ट आजच काढून बघा. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक लागते.