ओंजळीतील मासा

नदीकाठी जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्याच माशाच्या बीजात मनुष्याने हात घालावा काय, हा प्रश्न विज्ञानाने आता आपल्यापुढे ठेवला आहे.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील दीड इंची, पट्टेदार झेब्रा मासा हा त्याचा विषय. जेलीफिशमधील हिरवे तेज देणारे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली वेगळे केले. आज त्या प्रथिनाचे जनुक 'क्रिस्पर' या साधनाने, माशाचे अंडे एकपेशीय असतानाच, त्याच्या हव्या त्या जनुकाशी जोडता येते. मग माशाचे ते प्रथिन देहात जेथे जाईल तेथे निळ्या प्रकाशात हिरवे चमकते. सौंसरच्या बागांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, त्याचे येथे स्मरण होते. परंतु डोळा एका झाडापुरता असतो, हा बदल पुढील पिढ्यांतही उतरू शकतो.

प्रयोजन क्षुद्र नाही. पारदर्शक गर्भातील हृदय पहिल्या दिवसाअखेर धडधडू लागते. ते न चिरता पाहता येते. या माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी सुमारे दोन महिन्यांत भरून येतो, असे २००२ साली दिसून आले. मानवी हृदयास ही शक्ती नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या पुनर्निर्मितीचा अभ्यास होतो. ज्याच्या घरी हृदयरोगी आहे, तो यास सहज निरर्थक म्हणणार नाही.

तथापि प्रयोगात कित्येक अंडी नष्ट होतात, आणि जखम कशी भरते हे पाहण्यासाठी जखम करावीच लागते. हे झाकून केलेली स्तुती आम्हांस मान्य नाही.

मत्स्यावताराच्या कथेत मनूच्या ओंजळीत आलेला इवला मासा प्रथम अभय मागतो. मनू त्यास वाढवितो. प्रलयात तोच मासा मनूची नौका तारतो. आधी रक्षण, मग तारण, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदाही प्रयोगास मुभा देताना वेदना टाळण्याची काळजी सांगतो. म्हणून रोगनिवारणार्थ, कमीत कमी जीव व कमीत कमी वेदना यांनिशी केलेला प्रयोग आम्ही अधर्म म्हणणार नाही. केवळ शोभेच्या काचपात्रासाठी मासा चमकविणे मात्र आम्हांस रुचत नाही.

आणि हा भार एकट्या शास्त्रज्ञाचा नव्हे. उद्या त्या ज्ञानातून औषध लाभले, तर ते घेणारा हातही त्या माशाचा ऋणी राहील. नदीकाठी गोळी टाकताना त्या ऋणाची आठवण असावी, एवढेच आमचे सांगणे.