भेट : बक्षीस की हक्क?

लोक आजही ज्याला ‘रिमांड होम’ म्हणतात, त्याचे कायद्यातील नाव निरीक्षणगृह असे आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. आईवडिलांना कळविणे बंधनकारक असते. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती समजून घेऊन अहवाल देतो. ज्यांना जामीन मिळत नाही, ती मुले चौकशी चालू असेपर्यंत निरीक्षणगृहात राहतात.

अशा मुलाच्या आठवड्यात भेटीचा दिवस सर्वांत मोठा. दूरच्या गावाहून आई येते, त्या दिवसाची मजुरी बुडते. नोंदवहीत नाव लिहायचे, पिशवी तपासू द्यायची, आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून राहायचे आणि मग मोजकी मिनिटे समोरासमोर. कित्येकदा दोघांनाही बोलणे सुचत नाही. तरीही ती आई पुन्हा येते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलगा आत उद्धटपणे वागला, मारामारी केली, तर त्याची भेट बंद करावी काय? शिस्तीचा हा सोपा उपाय अनेकांना योग्य वाटेल. घरी आपणही खेळ बंद करतो, खाऊ बंद करतो. परंतु आई हा खाऊ नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० साली बंदिवान किशोरांसाठी स्वीकारलेले नियम याबाबत निःसंदिग्ध आहेत. भेट तत्त्वतः आठवड्यातून एकदा आणि महिन्यातून एकदापेक्षा कमी नसावी. शिक्षा म्हणून जेवण कमी करणे वा कुटुंबाशी संपर्क तोडणे निषिद्ध मानावे. अन्न आणि आप्त यांना एकाच वाक्यात बसविणारा हा नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. जगण्यासाठी जे लागते, ते बक्षीस म्हणून देता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्याला मार बसला, ज्या घराने माणूस गमावले, त्यांचे काय? त्यांच्या अश्रूंना उत्तर देणे हे न्यायाचे कर्तव्यच आहे. घोर गुन्ह्याच्या बाबतीत सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. पण मुलाला आईपासून तोडल्याने पीडिताचे दुःख कणभरही कमी होत नाही. उलट, आपल्या कृत्याची लाज मुलाला प्रथम वाटते ती त्याच्यावर प्रेम करणाऱ्याच्या नजरेसमोर. परक्याच्या नजरेची भीती वाटते. भीतीने माणूस लपतो, पश्चात्तापाने तो परत फिरतो. लूकच्या शुभवर्तमानातील धाकट्या मुलाला परतावेसे वाटले, कारण परतण्यासाठी त्याला बापाचे घर होते.

संत जॉन बॉस्को तरुण धर्मगुरू असताना तुरिनच्या तुरुंगांत जात. सुटलेली मुले पुन्हा आत येतात, याचे कारण बाहेर त्यांना हात देणारे कोणी नाही, हे त्यांनी तेथे ओळखले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पोपपद स्वीकारल्यानंतरच्या पहिल्याच आज्ञा गुरुवारी, रोममधील कासाल देल मार्मो येथील बालबंदीगृहात जाऊन बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

आता प्रश्न आपल्या धर्मग्रामाकडे वळतो. एखाद्या घरातला मुलगा आत गेला, की त्या घराची आपण काय अवस्था करतो? कुजबुज सुरू होते, लग्नाची आमंत्रणे कमी होतात, मिस्सेला ते कुटुंब मागच्या बाकावर सरकते. मग लोकलाजेने बापही भेटीला जाणे टाळतो. कायद्याने मुलाचे नाव गुप्त ठेवायला सांगितले आहे, आणि आपण ते गावभर करतो. अधीक्षकाने भेट नाकारली तर तक्रार करता येते. समाजाच्या भयाने जी भेट थांबते, तिची तक्रार कोणाकडे करावी?

बंदिवानाला भेटणे म्हणजे आपल्यालाच भेटणे, असे प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. प्रत्येकाला निरीक्षणगृहाच्या दारापर्यंत जाता येणार नाही. परंतु त्या आईच्या शेजारी बसणे, तिच्या प्रवासखर्चाची गुपचूप सोय करणे, बापाला ‘तुम्ही जा’ असे सांगणे, आणि मुलगा सुटून आल्यावर त्याला नावाने हाक मारणे एवढे तर आपल्या हाती आहे.