उसन्या नियमाचा अधिकार

एका ठिकाणी सांगितलेला नियम दुसऱ्या ठिकाणी लागू करायचा, तर तो कोणाच्या अधिकाराने लागू होतो, हा पूर्वमीमांसेतला, म्हणजे यज्ञविधींच्या वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातला, एक मोठा प्रश्न आहे. जैमिनीच्या सूत्रांचे अध्याय बारा. त्यांतले सातवा आणि आठवा अध्याय याच प्रश्नाला दिलेले आहेत आणि नववा-दहावा त्याच्या परिणामांना. मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडी-माणच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये, यज्ञाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांपुढे तोच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. तिथे कोड पुश झाला की पाइपलाइन आपोआप सुरू होते: बिल्ड, टेस्ट, सुरक्षा-तपासणी, मग डिप्लॉय. ही पावले एका यामल फाइलमध्ये लिहिलेली असतात. रिपॉझिटरी वाढल्या की तीच फाइल सगळीकडे कॉपी-पेस्ट होते आणि एक दुरुस्ती शंभर ठिकाणी करावी लागते. म्हणून एकच सामायिक फाइल ठेवतात आणि बाकीचे प्रकल्प आपल्या फाइलमध्ये फक्त तिचा उल्लेख करतात.

वेदाची मांडणी अशीच काटकसरीची आहे. दर्शपूर्णमास हा याग सर्व अंगांसह, म्हणजे पूरक कृतींसह, सांगितलेला आहे, म्हणून तो ‘प्रकृती’. ब्रह्मतेजाची इच्छा असणाऱ्याने सूर्याला चरू, म्हणजे शिजवलेला भात, अर्पण करावा, एवढेच सांगितलेला सौर्य याग ही ‘विकृती’. चरू कसा करायचा, आहुती कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे तिथे नाही. ते सगळे प्रकृतीकडून येते. या येण्याला मीमांसक ‘अतिदेश’ म्हणतात. अतिदेश कधी स्पष्ट वाक्याने होतो, कधी नावाने, कधी दोन कर्मांतल्या साम्याच्या खुणेवरून. सतराव्या शतकातल्या आपदेवाच्या ‘मीमांसान्यायप्रकाशा’तही हा विषय येतो. आपदेवाचा मुलगा अनंतदेव आपली वंशपरंपरा एकनाथांपर्यंत नेतो, त्यामुळे हा ग्रंथ काशीतला असला तरी मराठी वाचकाला परका नाही.

नियम आला म्हणजे तो जसाच्या तसा आला असे नाही. दर्शपूर्णमासातल्या मंत्रात अग्नीचे नाव असते; सौर्य यागात तिथे सूर्याचे नाव घालावे लागते. हा ‘ऊह’. सामायिक फाइलमध्ये प्रकल्पाचे नाव किंवा जावाची आवृत्ती व्हेरिएबल म्हणून मोकळी ठेवतात, त्यामागचा विचार हाच आहे. ऊहात फारशी अडचण येत नाही.

अडचण येते ‘बाधा’त, म्हणजे आलेले अंग गाळण्यात. दहाव्या अध्यायातले उदाहरण कृष्णलांचे आहे. एका यागात तांदळाऐवजी गुंजेएवढ्या सोन्याच्या तुकड्यांचा चरू सांगितला आहे. प्रकृतीत धान्य कांडायचे असते, ते तूस निघावे म्हणून. सोन्याला तूस नसते, तेव्हा कांडणे गळते. शिजवून सोने मऊ होणार नाही, मग शिजवणेही गळायला हवे. पण ते गळत नाही, कारण कृष्णले तुपात शिजवावीत असे त्या यागातच वेगळे सांगितले आहे. म्हणजे प्रयोजन संपले तर अंग जाते, पण स्पष्ट वचन असेल तर प्रयोजन दिसत नसतानाही राहते. नुसत्या दुर्लक्षामुळे मात्र काहीही गाळता येत नाही.

गिटलॅबसारख्या साधनात नेमके असे दुर्लक्षाने गाळणे घडते. सामायिक फाइलमधल्या जॉबमध्ये ‘स्क्रिप्ट’खाली पाच आज्ञांची यादी आहे आणि त्यांतली एक सुरक्षा-तपासणीची आहे, असे धरू. एखाद्या प्रकल्पाने त्याच जॉबखाली स्वतःची एक आज्ञा लिहिली, तर ती सहावी होत नाही. आधीची सगळी यादी पुसून तिची जागा घेते. व्हेरिएबलचे तसे नाही, ती एकेक करून मिसळतात. हा फरक माहीत नसलेला माणूस भर घातली असे समजतो, पाइपलाइन हिरवी दिसते आणि तपासणी केव्हाच नाहीशी झालेली असते. मीमांसकाने याला बाध म्हटलेच नसते. त्याच्या लेखी ही अंगहानी, कर्मातली उणीव.

नावाने होणारा अतिदेश त्याहून नाजूक आहे. कुंडपायींचे सत्र या दीर्घ यज्ञात महिनाभर अग्निहोत्र करावे असे म्हटले आहे. ते रोजचे अग्निहोत्र नव्हे, वेगळे कर्म आहे. तरी नुसत्या नावामुळे रोजच्या अग्निहोत्राची अंगे तिकडे जातात. हे सुरक्षित ठरते, कारण मीमांसेत शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे आणि वेद अपौरुषेय आहे. गिटमधला टॅग हेही नावच, पण ते उचलून दुसऱ्या कमिटवर, म्हणजे कोडच्या दुसऱ्या नोंदीवर, ठेवता येते. मार्च 2025 मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या गिटहबवरच्या सामायिक घटकाचे बहुतेक टॅग हल्लेखोराने एका घातक कमिटकडे वळवले. हा घटक 23,000 हून अधिक रिपॉझिटरी वापरत होत्या. त्यांच्या फाइलमधले एक अक्षरही बदलले नव्हते, तरी ज्यांची पाइपलाइन त्या काळात चालली त्यांची गुपिते बिल्डच्या लॉगमध्ये उमटण्याची सोय झाली. ज्यांनी टॅगऐवजी जुन्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे मजकुरावरूनच ठरणारी ओळख, लिहिला होता, त्यांना फिरवलेल्या टॅगांचा फटका बसला नाही.

इथे न्याय आणि मीमांसा यांचा जुना वाद कामी येतो. नैयायिकाच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त, म्हणजे जाणकार आणि विश्वासू, असतो म्हणून. वेदही ईश्वराचा म्हणून प्रमाण. मीमांसकाच्या मते वेदाला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचा दोष त्यात शिरू शकत नाही. ‘मेन’ या सतत पुढे सरकणाऱ्या शाखेचा उल्लेख करणारा प्रकल्प नैयायिकाच्या बाजूला आहे: सामायिक फाइल सांभाळणारी प्लॅटफॉर्म टीम उद्या जे लिहील तेही त्याने आजच मान्य केले. हॅश लिहिणारा मीमांसकाकडे झुकतो, पण अर्धाच. हॅशमुळे मजकूर अचल होतो, निर्दोष होत नाही. लिहिणारा माणूसच होता, आणि त्याची चूकही हॅशमध्ये तितकीच पक्की गोठते. शिवाय उद्याची सुरक्षा-दुरुस्ती अशा प्रकल्पापर्यंत आपोआप पोहोचत नाही. मीमांसेला ही अडचण ठाऊक नाही, कारण तिची प्रकृती कधी दुरुस्त करावी लागत नाही. ही अडचण भेटली ती धर्मशास्त्राला. मूळ वचन खोडता येत नाही आणि पाळताही येत नाही, अशा नियमांना निबंधकारांनी ‘कलिवर्ज्य’ ठरवले: ग्रंथात राहू द्यायचे, आचरणातून काढायचे. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त त्यांची सविस्तर चर्चा आहे.

जबाबदारीपुरते मीमांसेचे उत्तर मात्र स्पष्ट आहे आणि ते आजही टिकते. विकृतीत आलेली अंगे तिथे दर्शपूर्णमासासाठी केली जात नाहीत. ती विकृतीच्या स्वतःच्या अपूर्वासाठी, म्हणजे तिच्या फळाला कारण होणाऱ्या अदृष्टासाठी, असतात. उसने घेतलेले अंग घेणाऱ्याचेच होते. सामायिक फाइल प्लॅटफॉर्म टीमची असली तरी तिच्यातून जे डिप्लॉय होते ते उल्लेख करणाऱ्या प्रकल्पाचेच. म्हणून बरेच प्रकल्प हॅश लिहितात आणि नवी आवृत्ती आली की रेनोव्हेटसारखे साधन हॅश बदलणारी मर्ज रिक्वेस्ट उघडते. बदललेल्या ओळी तिथे दिसतात, प्रकल्पातलाच कोणीतरी त्या वाचतो, आणि मान्यता देणाऱ्याचे नाव तारखेसह इतिहासात राहते.