शापाविना मृगया

आपल्या महाकाव्यपरंपरेत मृगया हा निव्वळ करमणुकीचा प्रसंग क्वचितच असतो. बहुधा ती कथेचा उगम असते. हरणाच्या पाठलागात दुष्यंत कण्वाश्रमापाशी येतो. दशरथाचा शब्दवेधी बाण पाणी भरणाऱ्या तापसकुमाराला लागतो. पांडू मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीचा वध करतो. शिकाऱ्याच्या वाट्याला जे येते ते त्याने योजलेले नसते, तरीही कथेच्या दृष्टीने ते निरर्थक नसते. दशरथाला आणि पांडूला मिळालेले शाप हे त्या अपघातांना भविष्याशी जोडणारे दुवे होत. शापामुळे घडून गेलेली चूक पुढे घडणाऱ्या दुःखाचे कारण ठरते, आणि वाचकाला त्या दुःखात एक प्रकारची न्यायसंगती दिसू लागते.

जेथे शाप देणारा कोणी नाही आणि प्रसंगांची जुळणी करणारा कवीही नाही, अशा जगात भटकणाऱ्या शिकाऱ्याच्या विपत्तीला नैतिक अर्थ असू शकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. असे जग आज केवळ कल्पनेत राहिलेले नाही. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन बंधूंनी घडवलेला ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ हा संगणकीय खेळ २००६ साली प्रथम खुला झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी जे पहिले १४ खेळ निवडले, त्यांत त्याचा समावेश होता. या खेळातील जग कोणी रेखाटलेले नसते. एका संख्येपासून सुरुवात करून संगणक पर्वत, पर्जन्यमान, नद्या, अरण्ये सिद्ध करतो. नंतर शतकानुशतकांचा इतिहास, राज्ये, युद्धे, वंशावळी निर्माण करतो. या आरंभीच्या संख्येला संगणकाच्या परिभाषेत ‘बीज’ म्हणतात. खेळणारा या तयार इतिहासात एखाद्या सामान्य शिकाऱ्याच्या रूपाने प्रवेश करू शकतो. त्याच्यासाठी कोणतेही कथानक सिद्ध नसते.

अशा एका शिकाऱ्याचा प्रवास कल्पून पाहावा. तो हरणाच्या मागे गाव सोडतो, गोठलेली नदी ओलांडतो, एकटाच रात्र काढतो. एका चकमकीत त्याच्या हाताची शीर तुटते आणि धनुष्य हातातून गळून पडते. कारण या खेळात शरीर म्हणजे प्राणशक्तीचा एखादा आकडा नसून त्वचा, मेद, स्नायू, अस्थी असे थर असतात. तो परत फिरतो. दरम्यान हवा उबदार झालेली असते, पायाखालचे बर्फ वितळते आणि पोहण्याचा सराव नसलेला शिकारी बुडून मरतो. जग मात्र चालूच राहते. त्या जगाच्या इतिहासग्रंथात एक ओळ वाढते: अमुक वर्षी अमुक माणूस मेला.

येथे प्रत्येक घटनेला कारण आहे. प्रयोजन मात्र एकाही घटनेला नाही. कारण आणि प्रयोजन यांची ही फारकत साहित्यात सहसा आढळत नाही. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात मितिस याच्या पुतळ्याचे उदाहरण दिले आहे: मितिसच्या मारेकऱ्यावर तो पुतळाच कोसळतो आणि मारेकरी मरतो. योगायोगसुद्धा हेतुपूर्वक घडल्यासारखे वाटले तरच ते विस्मयकारक ठरतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. आमच्या शिकाऱ्यावर कोणताही पुतळा कोसळत नाही. त्याने हरिण मारले म्हणून बर्फ वितळलेले नसते.

या खेळाच्या २०१५ मधील एका आवृत्तीत मांजरे अकारण मरू लागली, असे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले. शोधाअंती कळले ते असे: मद्यगृहात सांडलेले मद्य मांजरांच्या पायांना लागे, ती पंजे चाटत, आणि हिशेबातील एका चुकीमुळे प्रत्येक चाटण्यागणिक पूर्ण पेलाभर मद्य त्यांच्या पोटात गेल्याचे धरले जाई. मांजरे मारावीत असा कोणाचाही हेतू नव्हता. मद्य सांडते, ते अंगाला चिकटते, मांजर अंग चाटते, हे तिन्ही नियम स्वतंत्रपणे निरुपद्रवी होते. अनर्थ जन्माला आला तो त्यांच्या संयोगातून आणि एका चुकलेल्या मापातून.

यावर असा आक्षेप घेता येईल की, नियम करणारे कर्ते तर आहेतच. तो रास्त आहे. रोलाँ बार्त यांनी १९६७ साली ज्या लेखकाचा मृत्यू घोषित केला, तो येथे मेलेला नाही. तो प्रसंगांच्या पातळीवरून नियमांच्या पातळीवर सरकला आहे. पण मग जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो: नियंता असेल तर त्याच्यावर पक्षपाताचा आणि क्रौर्याचा दोष का येऊ नये? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य आणि नैर्घृण्य या दोषांचा विचार झाला आहे. शंकराचार्यांनी तेथे पर्जन्याचा दृष्टांत योजला आहे. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. पिकांत भेद होतो तो बीजांच्या निरनिराळ्या सामर्थ्यामुळे. तद्वत ईश्वर साधारण कारण होय, आणि सुखदुःखाचे वैषम्य जीवाच्या कर्मावर अवलंबून असते.

खेळातील ‘बीज’ शंकराचार्यांच्या दृष्टांतापुढे ठेवले म्हणजे दोहोंतील अंतर स्पष्ट होते. येथील बीज ही एक यदृच्छ संख्या आहे; तिला पूर्वकर्म नाही. शिकारी जन्मण्यापूर्वीची शतके संगणकाने घडवली खरी, पण त्या शतकांत त्याने काही केलेले नाही. त्यामुळे त्याच्या मरणाचे समर्थन कर्मसिद्धान्ताने होऊ शकत नाही, आणि ॲडम्स बंधूंनी त्याला मारले असेही म्हणता येत नाही. निर्माता नियमांना उत्तरदायी आहे. त्या विशिष्ट मरणाचे उत्तरदायित्व कोणाकडेच जात नाही.

मग नैतिकता उरते ती कोठे? एक उत्तर असे सुचते की, ती या जगाच्या समतेत आहे. वीरकथेतला नायक कथेच्या संरक्षणाखाली वावरतो. येथे शिकाऱ्याचे आणि हरणाचे शरीर एकाच नियमाने फाटते. परंतु या समतेला समदृष्टी म्हणणे घाईचे होईल. समदृष्टीत पाहणारा कोणीतरी असतो. नियम पाहत नाहीत. उदासीनतेला करुणेचे नाव देण्याचा मोह येथे टाळला पाहिजे.

पाहणारा असतो तो खेळणारा. १९८० च्या ‘रोग’ या खेळापासून चालत आलेला संकेत असा की, मेलेल्या पात्राला मागे फिरवून जिवंत करावयाचे नाही. नोंदींची प्रत आधी काढून ठेवून हा संकेत मोडता येतो, आणि कित्येक जण तो मोडतात. म्हणजे तो पाळणे हे व्रतासारखे स्वेच्छेने स्वीकारलेले बंधन आहे. कादंबरीच्या वाचकाला नायकाचे मरण टाळता येत नाही. येथे ते टाळता येत असूनही मान्य करावयाचे असते. कृतीला वजन येते ते या मान्यतेमुळे.

मात्र खेळणाऱ्याची खरी कसोटी त्यानंतर लागते. तो ही हकीकत दुसऱ्याला सांगू लागतो तेव्हा मितिसचा पुतळा त्याला खुणावू लागतो. ‘हरणामागे लागला, म्हणून बुडाला’ एवढे म्हटले की कथा रेखीव होते आणि खोटी ठरते. खेळात हा खोटेपणा क्षम्य असेल. परंतु दुष्काळात, महापुरात, रोगराईत सापडलेल्या माणसांविषयी आपण हेच करीत आलो आहोत: त्यांच्या दुःखाला अर्थ मिळावा म्हणून त्यांच्या माथी दोष ठेवतो. दुःख निरर्थक असण्यापेक्षा ते पात्रतेनुसार मिळालेले असणे आपल्याला अधिक सुसह्य वाटते, आणि त्याची किंमत भोगणाऱ्याकडून वसूल होते.

परंपरेने ज्याला आदिश्लोक मानले, तो क्रौंचवध पाहून वाल्मीकींच्या मुखातून निघालेला शाप आहे आणि तो एका शिकाऱ्याला उद्देशून आहे. शोकाचा श्लोक झाला, तेव्हाच दोषाचाही निवाडा झाला. तेथे तो यथार्थ होता, कारण बाण मारणारा समोर उभा होता. जेथे मारणारा कोणी नाही, तेथे निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. शोक करण्याचा मात्र आहे. दोषी न शोधता शोक करता येतो का, ही परीक्षा बर्फात बुडालेला तो शिकारी आपली घेत असतो. तीत उतरण्याइतके सामर्थ्य आपल्या कथनपरंपरेत आहे किंवा नाही, याचा विचार समीक्षेने केला पाहिजे.